निळूचा चातुर्मास

चातुर्मास लागला की ते पंचांगाआधी माझ्या नाकाला कळतं. घरात कांदा-लसूण बंद होतो. एरवी दोन्ही वेळा कढईत परतला जाणारा कांदा घरातल्या बाकी सगळ्या वासांवर पांघरूण घालून असतो, हे माझ्या पन्नाशीनंतर लक्षात आलं. ते पांघरूण निघालं की एकेक जण डोकं वर काढतो. न वाळलेले टॉवेल. बुरशी धरलेला कातडी पट्टा. रेनकोटची आतली बाजू. सिंकच्या जाळीत अडकलेलं काहीतरी, जे काल भाजी होतं. धायरीत आमची इमारत नाल्यापासून दोनशे पावलांवर आहे. विकताना बिल्डरने त्याला निसर्गसान्निध्य म्हटलं होतं. हे सान्निध्य श्रावणात खिडकीतून आत येतं आणि आश्विनापर्यंत मुक्कामाला राहतं.

मला किळस फार येते. दुधावरची साय, भेंडीची तार, साबणाला चिकटलेला केस, बसमध्ये शेजारच्याचा ओला कोपर, चहा ओढताना होणारा आवाज, कुणीतरी बोट लावून उलटलेलं पुस्तकाचं पान. आई म्हणायची, "ह्याला देवाने माणूस कशाला केला, काचेचं भांडं करायचं होतं." लोकांना वाटतं, किळस येणारा माणूस स्वच्छ असतो. तसं काही नसतं. किळस येणारा माणूस फक्त तोंड फिरवण्यात पटाईत होतो. घाण आहे तिथेच राहते आणि ती दुसरं कुणीतरी काढतं. आमच्या घरात ती नंदा काढते. नंदा म्हणजे माझी बायको.

आणि असा मी, एकतीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवत होतो. गांडूळ, झुरळ, बेडूक, जळू, सगळं शिकवलं, पण फळ्यावर. रंगीत खडूंनी मी असं झुरळ काढायचो की पुसायला मुली हळहळायच्या. प्रयोगशाळेतली गांडुळाची बरणी मात्र शिपाईमामा हातात धरून उभे राहायचे आणि मी चार फुटांवरून छडीने दाखवायचो, हे तोंड, हा पट्टा, हे बाकीचं. अन्नसाखळी हा माझा हातखंडा विषय. कोण कुणाला खातं आणि का खातं, हे मी तासभर न थांबता सांगू शकत असे. शाकाहारी प्राणी, मांसाहारी प्राणी, त्यांचे दात, त्यांची आतडी. मांसाहारी प्राण्याचं आतडं आखूड असतं, त्याला पिष्टमय पदार्थ पचत नाहीत, हे वाक्य मी किती वर्गांना उतरवून दिलं असेल त्याची गणती नाही.

हे सगळं लिहायचं कारण, दर वर्षी कांदा बंद झाला की मला निळू आठवतो.

निळू आमच्याकडे बारा-तेरा वर्षांपूर्वी आला. माझा मुलगा केदार तेव्हा नुकता नोकरीला लागला होता आणि पहिल्या पगारातून त्याने एक मासा आणला होता. लोक पहिल्या पगारातून आईला साडी आणतात. साडी त्याने आणली, पण दुसऱ्या पगारातून. मासा बोटाएवढा, गर्द निळा, शेपटीला आणि परांना तांबडी किनार. इंग्रजीत त्याला बेटा म्हणतात, आमच्याकडे दुकानदारापासून सगळे फायटरच म्हणतात. स्वतःच्या जातीचा दुसरा नर दिसला की हा फाडून खातो, म्हणून एकटाच ठेवायचा. पर पसरून काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धावून जायचा, आणि केदार तासन्‌तास त्याच्यासमोर बसायचा. नंदाने त्याचं नाव निळू ठेवलं. तिने आधी कपाळाला हात लावला होता, सोवळ्याओवळ्याच्या घरात हे काय आणलंस म्हणून, आणि आठव्या दिवशी ती त्याच्याशी बोलायला लागली. नंदाचं सगळं असंच. आधी नाही म्हणायचं आणि मग जन्मभर निभावायचं.

मग केदारला कंपनीने बंगळूरला पाठवलं. चार महिन्यांसाठी. आषाढात गेला, कार्तिकात परत येणार होता. म्हणजे मुक्काम अगदी देवांच्या झोपेइतका. जाताना टाकी टीव्हीशेजारी ठेवून, एक छोटी डबी आईच्या हातात देऊन म्हणाला, "आई, सकाळी तीन दाणे, संध्याकाळी तीन. बाकी काही बघायचं नाही. बाबा आहेतच, काही अडलं तर."

बाबा आहेतच. मी मान डोलावली.

आता नंदाच्या नेमांबद्दल थोडं सांगायला हवं. ती कर्मठ नाही. देवाधर्माचं अवडंबर तिला आवडत नाही. पण चातुर्मासाचे चार महिने ती कडक पाळते, तिच्या आईने पाळले तसे. कांदा-लसूण नाही, वांगं नाही, एकादशीला उपास, आणि घरात अभक्ष्य काही येणार नाही. केदार जाऊन चार दिवस झाले असतील. दुपारी ती चष्म्यावर आणखी भिंग धरून माशाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचत बसली होती. ती कुठल्याही डबीवरचं सगळं वाचते, बामच्यासुद्धा.

"अहो, ह्यात मासे आहेत."

"कशात?"

"ह्याच्या खाण्यात. फिश मील लिहिलंय. आणि पुढे श्रिंप. श्रिंप म्हणजे कोळंबी ना?"

"हो."

"माशाला मासेच घालायचे?" तिने डबी अशी लांब धरली, जशी मी शिपाईमामांची बरणी धरली असती, कधी धरली असती तर. "आणि मी ते ह्या हातांनी घालून, त्याच हातांनी नैवेद्याला बसायचं?"

डबी तिने फेकली नाही. मुलाची वस्तू. दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, छत्र्यांच्या बाजूला ठेवली. आणि मग स्वयंपाकघरातून हाक मारून मला विचारलं, "काय हो, पोहे चालतील ना ह्याला? भिजवून, बारीक करून?"

मी पेपर वाचत होतो. मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. नीट, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसकट माहीत होतं. फायटर मांसाहारी. निसर्गात तो भाताच्या खाचरातल्या पाण्यावर राहतो, डासांच्या अळ्या खातो, पाण्यात पडलेले किडे खातो. भाताच्या खाचरात राहत असला तरी भात खात नाही. त्याला पोहे म्हणजे मांजराला पेंढा.

मी म्हणालो, "चालतील."

का म्हणालो, ते सांगतो. एवढ्या वर्षांनी खोटं कशाला. त्या काळात मी दर बुधवारी शाळा सुटली की स्वारगेटला बस बदलताना एका हातगाडीवर डबल ऑम्लेट खात असे. चातुर्मासातही. स्टँडच्या बाजूच्या बोळात, पाठ रस्त्याकडे करून. नंतर बडीशेप, मग पानाच्या टपरीवरून एक लवंग, मग धायरीची बस. हे वीस वर्षं चाललं होतं. ज्याला दुधाच्या सायीची किळस येते त्याला त्या गाडीवरचा काळा तवा, फडक्याचा वास, बादलीतल्या पाण्यात बुचकळून काढलेल्या थाळ्या कशा चालतात, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडायचा. भूक लागली की किळस कुठे जाते, यावर मी बरंच चिंतन केलेलं आहे, तोंडात पाव असताना. तर घरात मांसाहाराचा विषय निघाला की माझे कान आधी तापायचे. चोराच्या मनात चांदणं. पोहे चालणार नाहीत म्हणालो असतो तर का चालणार नाहीत ते सांगावं लागलं असतं. काही जीवांना ते लागतंच, असं काहीतरी बोलावं लागलं असतं. मग नंदाने माझ्याकडे बघितलं असतं. म्हणून चालतील. एका शब्दात काम झालं आणि मी पेपरचं पान उलटलं.

नंदाने मात्र मनापासून केलं. रोज मूठभरातले चार पोहे वाटीत भिजवायची, बोटांनी मळून मोहरीएवढ्या गोळ्या करायची. एकाच प्रकारचं खाऊन जीव कंटाळेल म्हणून सोमवारी उकडलेला वाटाणा, मंगळवारी भाकरीचा चुरा, शुक्रवारी भिजवलेली मूगडाळ. चौरस आहार. एकादशीला पोहे कसे चालतील, म्हणून त्या दिवशी राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा. मी हे रोज बघत होतो. लाडवातला गूळ पाण्यात विरघळून तळाशी तपकिरी तार धरायचा. न खाल्लेले पोहे फुगून, पांढरे होऊन, कापसासारखी बुरशी अंगावर घेऊन काचेला चिकटायचे. पाण्यावर साय यायची. हो, सायच. त्या टाकीला गुरांच्या आंबोणाचा वास यायला लागला. पाणी बदलायचं काम माझ्याकडे होतं, ते मी नाकाला रुमाल बांधून, तोंड फिरवून, दर आठवड्याऐवजी दोन आठवड्यांनी करायचो.

निळू पहिले काही दिवस गोळीवर झडप घालायचा, तोंडात घ्यायचा, थुंकायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा थुंकायचा. नंदा हसायची, "बापाच्या वळणावर गेलाय, नखरे बघा." मग भुकेने तो गिळायला लागला. भूक लागली की किळस कुठे जाते, हे मी वर लिहिलंच आहे.

त्या वर्षी डेंग्यूची फार धास्ती होती. जिन्यात सूचना लागली होती, कुंड्यांखाली पाणी साचू देऊ नका. सोसायटीचे अध्यक्ष अण्णा, मूळचे धायरीचेच, या इमारतीच्या जागी त्यांचं ज्वारीचं शेत होतं, ते स्वतः घरोघरी फिरून बघायचे. आमच्या बाल्कनीत वाकून म्हणाले, "मास्तर, तुमच्या कुंडीखाली पानी हाय की. आन्‌ अळ्या बी हायेत. ह्या बघा कशा वळवळत्यात."

मी बघितल्या. बघवत नव्हत्या, तरी बघितल्या. बशीभर पाण्यात शंभरेक अळ्या, स्वल्पविरामासारख्या, खाली-वर, खाली-वर. आत, दहा पावलांवर, टीव्हीशेजारी एक प्राणी पोहे थुंकत होता. त्याच्या जातीने हजारो वर्षं जे खाल्लं ते माझ्या कुंडीखाली फुकट वाढलं होतं. चमचाभर उचलून टाकीत टाकायचं, बस. माझ्या डोक्यात ते आलं. अगदी स्पष्ट आलं. मग मी तोंड फिरवलं आणि म्हणालो, "नंदा, हे जरा ओतून टाक गं."

तिने ओतून टाकलं. अण्णा म्हणाले, "ब्येस."

रोज सकाळी मी बूट काढायला चपलांचं कपाट उघडायचो. डबी समोर. झाकणावर लाल-निळ्या फायटरचं चित्र, पर पसरलेला, पोट आत. रोज सकाळी मी बूट घ्यायचो आणि कपाट लावून घ्यायचो. तीन दाणे उचलायला किती वेळ लागतो? नंदा देवघरात असायची. तिला कळलंही नसतं. बुधवारचं कुठे कळलं होतं? पण स्वतःच्या जिभेसाठी मी जेवढा धीट होतो तेवढा त्या बोटभर जिवासाठी नव्हतो. आज हे लिहिताना जो वास नाकात येतोय तो नाल्याचा नाही.

भाद्रपद लागता लागता निळूचं पोट फुगलं. नंदा खूश. शेजारणीला बोलावून दाखवलं, "बघा, बाळसं कसं धरलंय आमच्याकडे." ते बाळसं नव्हतं. पोट दोन्ही बाजूंनी सुटलं होतं आणि पाठीचा कणा वर दिसत होता. पर मिटलेले. रंग जुन्या शाईसारखा विटलेला. तो तळाशी पडून राहायचा, आणि श्वास घ्यायला वर यायचा तेव्हा वाकडा यायचा. त्याच्या मागे पांढरा, दोऱ्यासारखा मळ लोंबत असायचा, तुटतही नसे. मी टीव्हीवरच्या बातम्या बघताना मुद्दाम खुर्ची फिरवून बसायला लागलो.

रविवारी केदारचा फोन यायचा. आईचं झालं की मला विचारायचा, "बाबा, माझा फायटर?"

"मजेत आहे."

"खातोय ना?"

"खातोय की."

यातला एक शब्दही खोटा नव्हता, असं मी स्वतःला समजावत असे. तो खातच होता.

त्या बुधवारी पाऊस होता. गाडीवाल्याने वर प्लॅस्टिक ताणलं होतं, त्यात साचलेलं पाणी मध्येच धार धरून बाजूला पडत होतं. माझी थाळी आली. ऑम्लेट मध्यभागी कच्चं राहिलं होतं, पांढरं, चिकट, थरथरणारं, आणि त्याच्या कडेला एक दोरा लोंबत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला टाकीतला निळू दिसला. नंतर मीच मला दिसलो, छप्पन्न वर्षांचा माणूस, रस्त्याकडे पाठ करून, हातात पावाचा तुकडा घेतलेला, बायको घरी पोह्यांच्या गोळ्या वळत असताना. आयुष्यात हजार गोष्टींची किळस आली होती, स्वतःची अशी पहिल्यांदा आली. थाळी तशीच ठेवली. गाडीवाला म्हणाला, "काय सर, कमी शिजलं का? परत टाकू?"

"नको. इथे माशांचं दुकान आहे कुठे? शोभेच्या माशांचं?"

दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानात टाक्यांचा गुरगुराट आणि ओल्या शेवाळाचा वास. मालकाने, टक्कल पडलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या माणसाने, माझं सगळं ऐकून घेतलं.

"पोहे?" तो म्हणाला.

"हो."

"फोडणीचे का दडपे?"

मी शेजारच्या टाकीकडे बघायला लागलो.

"अहो सर, फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. रोज दाणे, मोजून. आठवड्यातून दोनदा जिवंत काहीतरी, वर्म्स, डासांच्या अळ्या, पाण्यातल्या पिसवा. बदलून बदलून द्यायचं, एकाच गोष्टीवर ठेवायचं नाही. आणि आठवड्यात एक दिवस उपास. तुमच्याकडे तो तेवढा व्यवस्थित पाळला असेल." मग माझा चेहरा बघून त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "किती दिवस झाले फुगून?"

"पंधरा."

"आधी यायचं होतंत," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "प्रयत्न करा. दोन दिवस काही घालू नका, पाणी स्वच्छ ठेवा, मग एखाद-दुसरा वर्म. घेतला तर घेतला."

त्याने पिशवीत थोडं पाणी घेऊन आत एक लाल गोळा सोडला. केसाएवढे बारीक किडे, एकमेकांत गुंतलेले, सगळा गोळा एकदम हलायचा. ते गटारात वाढतात. ती पिशवी मी शर्टाच्या खिशात घालून स्वारगेटपासून धायरीपर्यंत उभा आलो. गर्दीत छातीशी ती कोमट व्हायला लागली आणि प्रत्येक धक्क्याला मला आत काहीतरी हलल्याचा भास होत होता. माणिकबाग येईपर्यंत मी दोनदा उतरायचं ठरवलं. उतरलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

घरी आलो, नंदा मंडळाच्या आरतीला खाली गेली होती. गार जागी ठेवायचं म्हणून एका छोट्या स्टीलच्या डबीत तो ऐवज ओतला, डबी फ्रीजमध्ये मागे सारली. दोन दिवसांत हळूच घालू, तिला कळणार नाही, असा बेत. एवढं झाल्यावरसुद्धा बेत हाच. तोंड फिरवणारा माणूस सुधारला तरी अर्धाच सुधारतो.

दोन दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज नाही. मी गेलो. विरजणाची डबी समजून तिने ती उघडली होती. ती ओट्याला टेकून उभी होती, डबी समोर.

"हे काय आहे?"

"निळूसाठी."

"हे खातो तो?"

"हो. हेच खातो. म्हणजे असंच काहीतरी. पोहे त्याला पचत नाहीत. ते पोट..."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. दुकानदाराने परवा सांगितलं, असं म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की ते जमलं नाही. "माहीत होतं," मी म्हणालो.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही चालतील म्हणालात. तुम्ही म्हणालात म्हणून मी... अहो, मी दोन महिने त्याला स्वतःच्या हाताने घालतेय."

"तुला किळस वाटेल असं वाटलं मला. घरात असलं काही..."

"मला?" ती एवढंच म्हणाली, आणि मग सावकाश बोलली. "तुमची आई चार वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं मी केलं, तुम्ही दारातून विचारायचात, कशी आहे. किळस तुम्हाला येते. माझ्या नावावर कशाला घालताय? डबी बाहेर ठेवली ती मला वाटलं पर्याय आहे म्हणून. नाही म्हणाला असतात तर घातले असते मी दाणे, आणि हात धुऊन बसले असते नैवेद्याला. देवाला काय कळत नाही?"

मी खाली पडलेलं झाकण उचलून ओट्यावर ठेवलं.

"आणि बुधवारी तुमच्या शर्टाला अंड्याचा वास येतो. वीस वर्षं धुतेय मी तो. कधी बोलले?"

"का नाही बोललीस?" मी कसंबसं विचारलं.

"तुमच्या अंगाला लागत असेल म्हणून."

केदारने टाकीसाठी आणलेला लांब चिमटा तिने काढला. मी म्हणालो, दे, मी घालतो. डबीत चिमटा बुडवला, एक किडा निघाला, ताणला गेला, आणि मी बेसिनकडे पळालो. तोंड धुऊन आलो तेव्हा ती टाकीपुढे बसली होती. पदर खोचलेला, चिमट्याच्या टोकाला तो लाल तंतू, हात अगदी स्थिर. "ये रे, घे रे बाळा," ती म्हणत होती, लहानपणी केदारला औषध देताना म्हणायची त्या आवाजात. निळू वाकडा वाकडा वर आला. त्याने तो घेतला. थुंकला नाही. त्याचे पर अर्धे उघडले आणि त्या विटलेल्या अंगावरून जुना निळा रंग क्षणभर फिरून गेला. नंदाने माझ्याकडे वळून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं तेव्हा तिने मला माफही केलं होतं. मासा जगला असता तर सगळंच मिटलं असतं.

तो शनिवारी गेला. उताणा, पोट वर, फुगलेला. मी हात लावला नाही. तिने त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं. चातुर्मासात, तुळशीत. नंतर आंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन तिने उचलला. मी शेजारीच होतो, हाताच्या अंतरावर. मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं, केदार, माझी चूक झाली. पण तिने आधी सुरुवात केली. "केदार, निळू गेला रे. मी त्याला पोहे घालत होते. मला कळलं नाही." तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होता. ती "हो रे," "चुकलंच माझं," म्हणत होती. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला आणि विचारलं, "तिकडे पाऊस कसा आहे?"

बुधवारची गाडी मी त्यानंतर सोडली. त्याने काही होत नाही. प्रायश्चित्त सोपं असतं, कारण ते एकट्याने करता येतं. अवघड असतं ते एक वाक्य, दुसऱ्यासमोर म्हणायचं. वर्षं गेली. केदारचा राग गेला, त्याची गंमत झाली. आईने माझ्या फायटरला चातुर्मास करायला लावला, हे तो मित्रांना सांगतो, पाहुण्यांना सांगतो, आणि सांगतो फार छान. लोक पोट धरून हसतात. नंदाही हसते. मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थिनीने माझ्या अन्नसाखळीच्या तासाची आठवण सांगितली, तेव्हा नंदा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

परवा, श्रावणातल्या पहिल्या रविवारी, केदार आणि सून ऋता जेवायला आले होते. लग्नाला वर्षही झालेलं नाही. ऋताने पानात कांदा नाही हे बघून काहीतरी विचारलं, आणि केदारला ती गोष्ट आठवली. त्याने सुरुवातीपासून सांगितली. राजगिऱ्याच्या लाडवापर्यंत आला तेव्हा ऋताला ठसका लागला. पाणी पिऊन ती नंदाला म्हणाली, "पण आई, बाबा तर सायन्स शिकवायचे ना? त्यांना नाही विचारलंत?"

नंदा भात वाढत होती. तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्याकडे बघत होती. वाफ वर येत होती, आणि ती थांबली होती. बोलायला पुरेल एवढा वेळ होता. एक वाक्य, फार तर दोन. केदार हसतच होता, ऋता उत्तराची वाट बघत होती.

"नाही गं," नंदा म्हणाली. "ह्यांच्या चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा होता तेव्हा. मी कशाला विचारतेय."

आणि तिने भाताची मूद माझ्या पानात वाढली. मी तिला वरण मागितलं.